सरासरीपलीकडचा आजार : मेंदूतील अर्बुदांचे पेशीवैविध्य आणि सार्वजनिक धोरण

(कोरमंगला, बेंगळुरू येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वैद्यकशास्त्राचा आहे आणि वक्ता अर्थशास्त्राचा. हे कसे, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. मेंदूतील अर्बुदावर शस्त्रक्रिया कशी करावी किंवा कोणते औषध द्यावे, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु गेल्या वीस वर्षांत या आजाराविषयी जे ज्ञान हाती आले आहे, त्यातून सार्वजनिक पैसा कोठे खर्च करावा, या प्रश्नाला नवे वळण मिळाले आहे. हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे आणि उद्या प्रशासनात जाणाऱ्या आपल्यासारख्यांचाही आहे.

या विषयासाठी कोरमंगला हे ठिकाण योग्य आहे. नवउद्योगांची वसाहत म्हणून आज ते देशाला परिचित आहे. परंतु १९६३ मध्ये स्थापन झालेल्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर येथेच आहे. होसूर रस्ता ओलांडला की थोड्याच अंतरावर राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजे आपण ज्या संस्थेला 'निम्हान्स' म्हणतो ती, आणि तिच्या शेजारी किडवई स्मारक कर्करोग संस्था आहे. शहराच्या उत्तर भागात १९०९ पासून भारतीय विज्ञान संस्था कार्यरत आहे. मेंदूतील अर्बुदांचा अभ्यास करण्यासाठी रुग्णालय, ऊतींचा संग्रह आणि प्रयोगशाळा या तिन्ही गोष्टी एकाच शहरात असाव्या लागतात. बेंगळुरूमध्ये त्या आहेत आणि त्यांतील बहुतांश सार्वजनिक निधीतून उभ्या राहिल्या आहेत. या वस्तुस्थितीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

आजार कोणता?

मेंदूत केवळ चेतापेशी नसतात. त्यांना आधार देणाऱ्या, त्यांचे पोषण व संरक्षण करणाऱ्या ग्लिया नावाच्या पेशीही असतात. या पेशींशी नाते असलेल्या अर्बुदांना ग्लायोमा म्हणतात. त्यांतील सर्वांत आक्रमक प्रकार म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. प्रौढांच्या मेंदूतच उद्भवणाऱ्या घातक अर्बुदांमध्ये त्याचे प्रमाण सर्वाधिक आहे. १९२६ मध्ये पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ग्लायोमांचे पद्धतशीर वर्गीकरण केले. ग्लायोब्लास्टोमाच्या नावापुढे दीर्घकाळ 'मल्टिफॉर्म' हे विशेषण लावले जात असे. त्याचा अर्थ बहुरूपी. सूक्ष्मदर्शकाखाली एकाच गाठीत निरनिराळ्या आकारांच्या पेशी दिसत, म्हणून हे नाव पडले. हे बहुरूपीपण केवळ बाह्य स्वरूपाचे नाही, तोच या आजाराचा स्वभाव आहे, हे कळण्यास मात्र पुढे अनेक दशके जावी लागली.

आजच्या प्रचलित उपचारांत तीन टप्पे असतात. प्रथम शस्त्रक्रियेने जितकी गाठ सुरक्षितपणे काढता येईल तितकी काढली जाते. नंतर साधारण सहा आठवडे किरणोपचार दिले जातात आणि त्यांच्यासोबत व त्यानंतर टेमोझोलोमाइड हे औषध दिले जाते. या उपचारपद्धतीला आधार देणारी मोठी चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ किरणोपचार घेतलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान १२.१ महिने होते. औषधाची जोड मिळालेल्यांचे ते १४.६ महिने झाले. दोन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले.

हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण त्यांच्यातच एक कोडे आहे. मध्यक आयुर्मान केवळ अडीच महिन्यांनी वाढले, मग दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण अडीचपट कसे झाले?

सरासरी काय लपवते?

याचे उत्तर त्याच वर्षी, त्याच चाचणीतील ऊतींच्या तपासणीतून मिळाले. पेशींमध्ये एमजीएमटी नावाचे दुरुस्तीचे जनुक असते. टेमोझोलोमाइड पेशीच्या डीएनएला जी इजा करते, ती हे जनुक भरून काढते. काही रुग्णांच्या अर्बुदात हे जनुक रासायनिक खुणांमुळे निष्क्रिय झालेले असते. अशा रुग्णांमध्ये औषधामुळे मध्यक आयुर्मान १५.३ महिन्यांवरून २१.७ महिन्यांवर गेले. ज्यांच्यात ते जनुक सक्रिय होते, त्यांच्यात मात्र ते ११.८ वरून केवळ १२.७ महिन्यांवर गेले. म्हणजे एका गटाला मोठा लाभ आणि दुसऱ्याला अत्यल्प. दोन्ही गट एकत्र करून काढलेला आकडा दोघांपैकी कोणाचेही खरे चित्र दाखवत नव्हता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे अपरिचित वाटणार नाही. दरडोई उत्पन्न हा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा आकडा आहे. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न सांगितले म्हणजे मुंबई व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांविषयी आपण काहीच सांगितलेले नसते. म्हणूनच प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची सुरुवात झाली आणि घरोघरी जाऊन माहिती गोळा करण्याची पद्धत रुजली. कुटुंबाच्या पातळीवर गेल्याशिवाय विषमता दिसत नाही.

अर्बुदांच्या अभ्यासातही असेच घडले. प्रारंभी गाठीचा तुकडा घेऊन त्यातील सर्व पेशींचा एकत्रित अर्क तपासला जाई. २००८ मध्ये अमेरिकेच्या कर्करोग जनुकसंच प्रकल्पाने ग्लायोब्लास्टोमाचा पहिला व्यापक अहवाल प्रसिद्ध केला आणि २०१० मध्ये त्याच माहितीच्या आधारे या आजाराचे चार उपप्रकार मांडले गेले. रुग्णारुग्णांतील फरक त्यातून समजला. परंतु तो अर्क सरासरीचाच होता. २०१४ मध्ये पाच रुग्णांच्या अर्बुदांतील ४३० पेशींचे एकेक करून स्वतंत्र विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि निराळेच चित्र समोर आले. एकाच रुग्णाच्या एकाच गाठीत निरनिराळ्या उपप्रकारांच्या पेशी शेजारी शेजारी नांदत होत्या. 'या रुग्णाला अमुक उपप्रकाराचा आजार आहे' हे विधान म्हणजे 'हे गाव श्रीमंत आहे' असे म्हणण्यासारखे ठरले. यालाच पेशीवैविध्य म्हणतात.

वैविध्य आणि रूपांतरक्षमता

येथे दोन संकल्पनांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे. परीक्षेतही तो उपयोगी पडेल.

पहिली संकल्पना वैविध्याची. एखाद्या गाठीत शंभर प्रकारच्या पेशी आहेत आणि औषधाने त्यांतील नव्वद प्रकार मारले, तर उरलेले दहा वाढतात. ही निवड झाली. विदर्भातील कापूस उत्पादकांना तिचा अनुभव आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. विषाला दाद न देणाऱ्या थोड्या अळ्या टिकल्या, त्यांची संख्या वाढत गेली आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील पिकाचे मोठे नुकसान केले. शेताच्या कडेने बिगरबीटी कापसाच्या ओळी लावण्याचा नियम होता. एकाच अस्त्रावर विसंबून राहण्याचा धोका त्यामागे गृहीत धरला होता. तो नियम व्यवहारात फारसा पाळला गेला नाही.

दुसरी संकल्पना रूपांतरक्षमतेची आणि ती अधिक अवघड आहे. येथे पेशीची निवड होत नाही, तीच पेशी आपले रूप बदलते. तिच्या मूळ जनुकसंचात बदल न होता कोणती जनुके चालू आणि कोणती बंद, एवढेच बदलते. यासाठी बीड जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. तेथील अनेक कुटुंबे पावसाळ्यात कोरडवाहू शेती करतात आणि दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. पावसाळ्यात गेलेला गणक त्यांची नोंद शेतकरी म्हणून करील, पौषात कारखान्यावर गेलेला गणक मजूर म्हणून करील. माणूस तोच असतो. केवळ शेतकऱ्यांसाठी किंवा केवळ मजुरांसाठी आखलेली योजना त्याच्यापर्यंत अर्धीच पोहोचते.

२०१९ मध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींविषयी नेमके हेच दाखवून देण्यात आले. या पेशी प्रामुख्याने चार अवस्थांमध्ये आढळतात. त्यांतील तीन अवस्था मेंदूच्या विकासातील पेशींशी मिळत्याजुळत्या असतात : चेतापेशींच्या पूर्वज पेशींसारखी, ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वज पेशींसारखी आणि अॅस्ट्रोसाइटसारखी. चौथी अवस्था मेसेन्कायमल म्हणजे संयोजी ऊतींच्या पेशींशी साम्य दाखवणारी असते. कोणत्या अवस्थेतील पेशी अधिक असतील, हे त्या अर्बुदातील जनुकीय बिघाड आणि भोवतालची परिस्थिती यांवर अवलंबून असते. महत्त्वाची बाब अशी की, प्राण्यांवरील प्रयोगांत एका अवस्थेतील पेशी वेगळ्या काढून रुजवल्या असता त्यांच्यापासून पुन्हा इतर अवस्थांतील पेशी तयार झाल्या. म्हणजे एक अवस्था नष्ट केली तरी उरलेल्या पेशी ती पुन्हा निर्माण करू शकतात.

आपल्या देशातील संशोधनातही या दिशेच्या खुणा पूर्वीच आढळल्या होत्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. अंजली शिरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी ग्लायोमापासून दोन पेशीमालिका विकसित केल्या आणि २००३ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. एक सावकाश वाढणारी व अर्बुद न निर्माण करणारी, दुसरी वेगाने वाढणारी व अर्बुद निर्माण करणारी. या पेशींमध्ये चेतापेशी आणि ग्लिया या दोहोंची लक्षणे एकत्र दिसत होती. पहिलीचे दुसरीत आपोआप रूपांतर कसे होते, यावरील त्यांचे काम २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या 'अॅक्ट्रेक' संस्थेत डॉ. शिल्पी दत्त यांच्या गटाने किरणोपचारानंतर टिकून राहणाऱ्या मोजक्या पेशींचा मागोवा घेतला. त्या पेशी परस्परांत मिसळून बहुकेंद्रकी होतात आणि काही काळाने पुन्हा वाढू लागतात, असे २०१५ मध्ये या गटाने मांडले. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. कुमारवेल सोमसुंदरम आणि निम्हान्समधील डॉक्टर यांच्या सहकार्याने २००५ मध्ये अॅस्ट्रोसायटोमाच्या जनुकीय सक्रियतेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पेशीने कोणते रूप धारण करावे हे ठरवणाऱ्या नॉच या संदेशमार्गात बदल होतात, असे त्यात आढळले होते.

धोरण बदलले की वर्तन बदलते

अर्थशास्त्रात १९७६ मध्ये रॉबर्ट लुकास यांनी एक आक्षेप मांडला. तो त्यांच्या नावानेच ओळखला जातो. जुन्या माहितीवरून लोकांचे वर्तन ठरवायचे आणि त्या आधारे धोरण आखायचे, ही पद्धत सदोष आहे, कारण धोरण लागू होताच लोकांचे वर्तनही बदलते. अर्बुदाच्या पेशी विचार करत नाहीत, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. तरीही उपचारापूर्वी घेतलेल्या तुकड्यावरून आखलेला उपचार, उपचारामुळेच बदललेल्या अर्बुदावर चालत नाही, ही अडचण त्याच जातीची आहे.

याचे एक ठळक उदाहरण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सापडते. काही ग्लायोब्लास्टोमांमध्ये ईजीएफआर या वाढीच्या जनुकाचा बदललेला प्रकार गुणसूत्रांबाहेरील डीएनएच्या वर्तुळांवर असतो. त्या प्रथिनाला रोखणारे औषध दिले की ती वर्तुळे असलेल्या पेशी कमी होतात आणि औषध बंद केले की वर्तुळे पुन्हा दिसू लागतात. शिकारी आला की लपायचे आणि तो गेला की बाहेर यायचे, असा हा प्रकार आहे.

याच बदललेल्या प्रथिनाविरुद्ध रिंडोपेपिमट नावाची लस तयार करण्यात आली होती. प्राथमिक चाचण्या आशादायक होत्या. मोठी चाचणी मात्र आयुर्मान वाढत नसल्याचे दिसल्याने २०१६ मध्ये थांबवण्यात आली. ज्यांना लस दिलीच नव्हती, अशा रुग्णांमध्येही पुन्हा उद्भवलेल्या गाठीतून ते प्रथिन अनेकदा नाहीसे झालेले आढळले. म्हणजे लक्ष्य मुळातच स्थिर नव्हते. बेव्हासिझुमॅब हे महागडे औषध अर्बुदाला रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या वाहिन्या रोखते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याने नव्याने निदान झालेल्या रुग्णांमध्ये आजाराची वाढ काही काळ थोपवली, परंतु एकूण आयुर्मान वाढवले नाही.

याउलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या 'नेक्सकार १९' या पेशीउपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रक्ताच्या काही कर्करोगांत बहुतेक सर्व रोगपेशींवर सीडी १९ हे एकच चिन्ह असते, म्हणून हा उपचार तेथे चालतो. मेंदूतील अर्बुदात सर्व पेशींवर असणारे असे एक चिन्ह सापडत नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत तीन रुग्णांवर अशाच प्रकारच्या सुधारित उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गाठी काही दिवसांतच आक्रसल्या, परंतु तिघांपैकी दोघांमध्ये हा परिणाम टिकला नाही. तंत्रज्ञान तेच असले तरी आजाराच्या रचनेनुसार त्याचे फळ बदलते, हा धडा येथे घ्यावयाचा आहे.

बाजार काय पुरवतो, काय पुरवत नाही?

आता मूळ आर्थिक प्रश्नाकडे वळू. लक्ष्य स्थिर नसलेल्या आजारात केवळ एका नव्या औषधावर मोठी पैज लावणे हे जोखमीचे धोरण आहे. आजार समजून घेण्याची क्षमता उभारणे अधिक शहाणपणाचे आहे. परंतु ही क्षमता बाजार आपणहून पुरवत नाही.

निम्हान्समधील मेंदू पेढी याचे उत्तम उदाहरण आहे. डॉ. एस. के. शंकर यांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये ती सुरू झाली. नातेवाइकांच्या संमतीने दान मिळालेले मेंदू आणि ऊती येथे जतन केल्या जातात आणि संशोधकांना अभ्यासासाठी दिल्या जातात. अर्थशास्त्रात ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात, तिच्या जवळ जाणारी ही सेवा आहे. जपून ठेवलेल्या एका नमुन्यावरून मिळालेले ज्ञान एकाने वापरले म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि ते प्रसिद्ध झाल्यावर कोणालाही त्यापासून वंचित ठेवता येत नाही. त्यामुळेच त्यातून नफा मिळत नाही आणि खासगी भांडवल तेथे येत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी जतन केलेली ऊती आज नव्या तंत्राने तपासता येते. हा परतावा दीर्घ मुदतीचा असतो आणि तो संपूर्ण समाजाला मिळतो.

नोंदणीचेही तसेच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू केला. बेंगळुरू, मुंबई आणि चेन्नई ही त्याची आरंभीची लोकसंख्याधारित केंद्रे होत. बेंगळुरूची जबाबदारी किडवई संस्थेने उचलली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. महानगराबाहेरच्या आजाराची मोजणी करण्याचा हा मूलभूत प्रयत्न होता. तथापि नोंदवहीत 'मेंदूचे अर्बुद' एवढेच लिहिलेले असेल तर आजच्या ज्ञानाच्या दृष्टीने ती नोंद अपुरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात या अर्बुदांचे निदान सूक्ष्मदर्शकाबरोबरच जनुकीय चाचण्यांवर आधारलेले आहे. आयडीएच जनुकातील बदल आहे की नाही, यावरून आजाराचे नाव बदलते आणि रुग्णाचे भवितव्यही. अशा बदल असलेल्या सौम्य श्रेणीच्या ग्लायोमासाठी अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये व्होरासिडेनिब या औषधाला मान्यता मिळाली. चाचणीच उपलब्ध नसेल तर असे औषध कोणाला द्यावे, हे कळणारच नाही.

कुटुंबाच्या खिशाचा प्रश्न

आतापर्यंत आपण पेशींविषयी बोललो. परंतु ज्या घरात हे निदान होते, त्या घरापुढे प्रश्न निराळा असतो. जमीन विकावी का? कोणत्या औषधासाठी विकावी? मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम मोडावी का? या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्या रुग्णाला लाभ होण्याची शक्यता किती, हे त्या कुटुंबाला क्वचितच सांगितले जाते. सरासरीची भाषा येथे क्रूर ठरते, कारण ती काहींना खोटी आशा देते आणि काहींची खरी आशा हिरावून घेते.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती निर्विवाद आहे. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आणि महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांतून पात्र कुटुंबांना रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने २०१९ मध्ये ४२ कर्करोगविरोधी औषधांवरील व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने सदस्य रुग्णालयांसाठी औषधांच्या संयुक्त खरेदीचा मार्ग स्वीकारला आहे.

तरीही दोन बाबी मागे राहतात. पहिली, निदानाच्या चाचण्या. ज्या चाचणीवरून औषधाचा लाभ होईल की नाही हे कळते, ती चाचणी म्हणजे निव्वळ खर्च नव्हे, खर्च वाचवण्याचे ते साधन आहे. दुसरी, औषधाव्यतिरिक्तचा खर्च. सहा आठवडे रोज किरणोपचार म्हणजे घरापासून दूर राहणे, सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, भाड्याची खोली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वृद्ध किंवा अशक्त रुग्णांसाठी पाच सत्रांचा किरणोपचार पंधरा सत्रांइतकाच परिणामकारक आढळला. हे निष्कर्ष सर्व रुग्णांना लागू नाहीत. परंतु ज्यांना लागू आहेत, त्यांच्यासाठी ही बचत एखाद्या नव्या औषधाहून कमी मोलाची नाही. केंद्रीय अर्थसंकल्प २०२५-२६ मध्ये जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराच्या उपचारांची केंद्रे तीन वर्षांत उभारण्याची घोषणा झाली. औषध घेण्यासाठी दरवेळी महानगर गाठावे लागू नये, हा त्यामागील विचार योग्यच आहे.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

येथे कोणी विचारील की, ज्या देशात अजूनही क्षयरोग, कुपोषण आणि मातामृत्यू यांच्याशी झुंज चालू आहे, त्याने तुलनेने विरळ अशा आजारावर पैसा का खर्च करावा? हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. जीव वाचवण्याच्या हिशेबात लसीकरण, स्वच्छ पाणी आणि तंबाखूनियंत्रण यांवरील रुपया निश्चितच अधिक फळ देतो. त्या खर्चाला कात्री लावून मेंदूतील अर्बुदांवर खर्च करावा, असे मी म्हणणार नाही.

परंतु प्रश्न असा आहे की, या आजारावर आज जो पैसा खर्च होतोच आहे, तो योग्य ठिकाणी होतो का? कुटुंबे तो खर्च करतच आहेत, कर्ज काढून करत आहेत. शिवाय पेशींचे वैविध्य आणि रूपांतरक्षमता हे केवळ मेंदूपुरते मर्यादित नाही. स्तन, फुप्फुस आणि मुखाच्या कर्करोगांतही औषधांना न जुमानणाऱ्या पेशी अशाच मार्गांनी तयार होतात. भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. मोहित कुमार जॉली यांचा गट पेशींच्या रूपांतराचे गणिती प्रारूप तयार करतो. त्याचा उपयोग एका अवयवापुरता नाही. ऊतींचा संग्रह, प्रशिक्षित रोगनिदानतज्ज्ञ आणि विश्वसनीय नोंदणी या गोष्टी एकदा उभ्या राहिल्या की त्यांचा लाभ अनेक आजारांना मिळतो.

धोरणाची दिशा

या सर्व विवेचनातून चार बाबी निष्पन्न होतात.

एक, निदानाच्या आवश्यक जनुकीय चाचण्यांचा समावेश सार्वजनिक आरोग्य योजनांच्या उपचारसंचात स्पष्टपणे असावा. औषध मोफत आणि चाचणी स्वखर्चाने, ही रचना तर्कविसंगत आहे.

दोन, ऊतीपेढ्यांना प्रकल्पापुरता नव्हे, तर कायमस्वरूपी निधी मिळावा. ग्रंथालयाला तीन वर्षांचे अनुदान देऊन कोणी नंतर पुस्तके फेकून देत नाही.

तीन, पुन्हा उद्भवलेल्या गाठीचीही, शक्य तेथे, तपासणी आणि नोंद व्हावी. पहिल्या नमुन्यावरून दुसऱ्या वेळचा आजार समजत नाही.

चार, महाग औषधाला योजनेत स्थान देण्यापूर्वी ते कोणत्या रुग्णगटाला किती लाभ देते, याचा पुरावा मागावा. आरोग्य संशोधन विभागाची आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन यंत्रणा याच कामासाठी आहे. तिच्या शिफारशींना निर्णयप्रक्रियेत अधिक वजन मिळणे आवश्यक आहे.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेच्या दृष्टीने हा विषय विज्ञान-तंत्रज्ञान, आरोग्य आणि अर्थव्यवस्था या तिन्ही घटकांना स्पर्श करतो. 'सार्वजनिक वस्तू', 'माहितीची असमानता' आणि 'बाजाराचे अपयश' या संकल्पनांना येथे जिवंत उदाहरणे मिळतात. उत्तर लिहिताना आकड्यांबरोबर ते कोणत्या गटाचे आहेत, हे सांगण्याची सवय लावून घ्या.

ही सवय परीक्षेनंतर अधिक उपयोगी पडणार आहे. उद्या आपल्यापैकी कोणी जिल्हाधिकारी होईल, कोणी आरोग्य विभागात असेल, कोणी वित्त विभागात. आपल्या टेबलावर येणारा प्रत्येक अहवाल सरासरीत बोलेल. त्या सरासरीखाली कोण झाकले गेले आहे आणि आपला निर्णय लागू झाल्यावर परिस्थिती कशी बदलेल, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. ग्लायोब्लास्टोमाच्या संशोधकांना हे प्रश्न विचारायला आणि त्यांची उत्तरे शोधायला अनेक दशके लागली. आपल्याला ते पहिल्याच दिवसापासून विचारता येतील.